वुपर: टांगत्या गाडीखालची नदी

(दृश्य: पहाट. धुक्यात नदी, तिच्यावर हिरव्या लोखंडी कमानींची रांग.)

ही वुपर. जर्मनीतली, ऱ्हाइनला मिळणारी एक लहानशी नदी, दोन्हीकडून डोंगरउतारांनी दाबलेली. पण पाणी मृदू, चुन्याचा अंश अगदी कमी. सूत धुवायला असंच पाणी लागतं. एल्बरफेल्ड आणि बार्मेन या काठच्या दोन गावांनी ते हेरलं आणि १५२७ साली इथल्या ड्यूककडून सूत पांढरं करण्याचा मक्ताच मिळवला. कुरणावर सूत पसरायचं, नदीचं पाणी शिंपडायचं, ऊन खाऊ द्यायचं, पुन्हा शिंपडायचं.

धुण्यामागोमाग रंगवणं आलं, आणि नदीचा रंगच पालटला. बार्मेनच्या एका कापड कारखानदाराचा मुलगा अठराव्या वर्षी लिहून गेला, की वुपर लाल दिसते ती कुठल्या लढाईमुळे नव्हे, तर रंगाऱ्यांच्या कारखान्यांमुळे. मुलाचं नाव फ्रीडरिश एंगेल्स, पुढे कार्ल मार्क्सचा साथीदार झालेला. पुढे तो काय काय लिहिणार होता, ते घरच्यांना तेव्हा कळलं असतं तर!

(दृश्य: जुन्या कारखान्याच्या विटांच्या भिंती.)

१८६३ मध्ये याच बार्मेनमध्ये रंगांचे व्यापारी फ्रीडरिश बायर आणि रंगारी योहान वेस्कॉट यांनी भागीदारीत कृत्रिम रंगांचा कारखाना काढला. १८९७ मध्ये त्यांच्या कंपनीच्या एल्बरफेल्डमधल्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन तयार झालं. नंतर कंपनीनं मुख्यालय लेव्हरकूझेनला नेलं. वुपर ऱ्हाइनला मिळते तेही तिथंच. म्हणजे कंपनीसुद्धा नदीच्याच वाटेनं खाली गेली.

(ध्वनी: रुळांचा खडखडाट.)

माणसं वाढली, खोरं मात्र तेवढंच. ट्रामला रस्ते अपुरे, खाली खडक. मोकळी जागा उरली होती ती नदीच्या डोक्यावर. मग १९०१ पासून तिथंच गाडी धावू लागली, वटवाघळासारखी वरच्या रुळाला लटकून. तिचं नाव श्वेबेबान. १३.३ किलोमीटरच्या वाटेपैकी सुमारे १० किलोमीटर नदीवरून. दोन्ही गावं आणि शेजारपाजारच्या वस्त्या १९२९ मध्ये एक झाल्या. वुपरटाल, म्हणजे वुपरचं खोरं, हे नाव पुढच्या वर्षी मिळालं. गाडीनं त्यांना त्याआधीच एका माळेत ओवलं होतं.

१९५० मध्ये एका सर्कशीनं जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तिणीचं पिल्लू या गाडीत चढवलं. ते बिथरलं आणि डब्याची बाजू फोडून थेट नदीत पडलं. थोडं खरचटलं, एवढंच. पोस्टकार्डांवर दिसणारा त्या उडीचा फोटो मात्र जोडकामाचा आहे.

१९९९ ची गोष्ट हसण्यासारखी नाही. दुरुस्तीनंतर रुळावर लोखंडाचा एक तुकडा काढायचा राहिला. पहाटेची पहिली गाडी त्यावर आदळून नदीत कोसळली. ५ जण दगावले.

(दृश्य: डब्याच्या खिडकीतून. पाणी मागे पडतं.)

फोव्हिंकेल या टोकाच्या स्थानकाकडे जाताना गाडी नदी सोडते आणि रस्त्यावरून, घरांच्या वरच्या मजल्यांना जवळजवळ खेटून जाते. एका खिडकीत कुंडी आहे. आत कुणीतरी कॉफी ओततंय. गाडी गेली तरी मान वर होत नाही.