वर्गणीची पावती

(दृश्य : पावसाळी संध्याकाळ. पत्र्याच्या घरांमधली अरुंद गल्ली. दोन पोरं, हातात पावतीपुस्तक.)

गणपतीला अजून महिना आहे, पण पावतीपुस्तक छापून आलंय. वर 'श्री गणेशाय नमः', मध्ये मंडळाचं नाव, तळाशी खजिनदाराच्या सहीची रेघ. या गल्लीत कुणी सेंट्रिंगवर जातं, कुणी फौंड्रीत, कुणी चार घरची धुणीभांडी करतं. पन्नास रुपयांची का असेना, पावती मात्र घरटी फाटते.

देवाच्या नावानं पैसा गोळा होणं कोल्हापूरला नवं नाही. तो पुढं कुठं जातो, ते बघायला आम्ही निघालो.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा, मागं वाहनांची गर्दी.)

इथं उभं राहून नजर फिरवा. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. वसतिगृह हा शब्द कागदावरचा. कोल्हापूरकर बोर्डिंगच म्हणतो. बाहेरच्याला वाटतं, हे काय, ज्याची त्याची वेगळी चूल! पण महाराजांनी आधी एकच चूल मांडून बघितली होती. 1896 साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि थोड्याच वर्षांत तिथं ब्राह्मण मुलंच उरली. त्यात 1899 च्या कार्तिकात, पंचगंगेच्या घाटावर, खुद्द राजालाच जातीवरून वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र नाकारले गेले.

ज्या जातीधर्माच्या नावानं दार लागत होतं, त्याच नावानं मग महाराजांनी दारं उघडायला घेतली. 1901 ला मराठा आणि जैन, 1906 ला मुस्लिम, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुस्लिम मुलांच्या शिक्षणाला दर्ग्यांचं उत्पन्न लावून दिलं. पिराच्या इनामाचा पैसा पाटी-पेन्सिलीला लागला! खेड्यातनं भाकरी बांधून आलेल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा झाली.

(दृश्य : पुराची जुनी छायाचित्रं. छपरापर्यंत पाणी.)

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. अशा वेळी महाप्रसादाची पातेली कामाला येतात. आमटी किती माणसांना किती लागते, हे तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या आखाडा-मंडळाच्या, पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. दरवर्षी हजारांच्या पंगती उठवलेल्या असतात. नियोजनाचं शिक्षण म्हणाल तर ते हेच, फक्त त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

शेजारच्या इचलकरंजीचं उदाहरण तर ठळक आहे. 2020 च्या रमजानमध्ये तिथल्या मुस्लिम समाजानं जकातीचे, म्हणजे धर्मानं सांगितलेल्या दानाचे, 36 लाख रुपये सरकारी दवाखान्यातल्या दहा खाटांच्या अतिदक्षता विभागाला दिले. यंत्रमागांचं गाव, कोरोनाचे दिवस. तिथल्या खाटेवर कोण झोपणार, हे धर्म विचारून ठरणार नव्हतं.

(दृश्य : तालमीचा उंबरा. आत मोहरमच्या पंजाची जागा, भिंतीवर गणपतीची तसबीर.)

मोहरम आणि गणपती एकत्र आले की कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत दोघं एकाच छताखाली बसतात. याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो जरा जास्तच मिरवतो आम्ही. जास्तच म्हणतो, कारण 2023 च्या जूनमध्ये याच शहरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. शहर बंद पडलं, आणि हातावर पोट असणाऱ्यांचा धंदा बुडाला. हातगाडी कुठल्याही धर्माची असो, ती त्या दिवशी उभी राहिली नाही.

अजून एक गोष्ट खटकते. पावतीवर नाव बहुतेक घरच्या पुरुषाचं. पैसे कित्येकदा बाईच्या धुण्याभांड्याचे. तालमीत तिला जागा नाही. ती बसते मंदिराच्या मंडपात, भजनाला. टाळ खाली ठेवले की तिथंच बचत गटाची वही उघडते. पोरीची फी, दवाखाना, गळक्या पत्र्याची दुरुस्ती, कर्ज कशाला हवंय ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि हप्ताही सगळ्यांसमोर भरायचा. देवासमोर बसून खोटं बोलायला जीभ अडखळते, एवढंच काय ते तारण. अभ्यासिका काढायची की साउंड सिस्टीम आणायची, हा निर्णय मात्र वर्गणीच्या बैठकीत होतो, आणि त्या बैठकीला तिला कुणी बोलावत नाही.

(दृश्य : पुन्हा गल्ली. पोरं आता कॅमेऱ्यासमोर.)

"दादा, तुमची पण पावती फाडू काय?"

फाड की. किती?

"मनाला येईल ते द्या."

आणि गेल्या वर्षीची शिल्लक किती राहिली रे?

पोरगं दुसऱ्या पोराकडं बघतं. हसतं. "ते खजिनदारास्नी इचारा की वो."