डबल ट्रॉलीसाठी पंप वाढवताय? आधी हे आकडे बघा

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याची मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आधी, इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप सेट करणाऱ्या पंपवाल्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते आणि मागणी एकच असते: "डबल ट्रॉली ओढायचीय, डिझेल जरा वाढवून द्या." स्क्रू फिरतो, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो, मालक खूश. आता त्या लोटात तुमचंच अर्धवट जळलेलं डिझेल असतं, हे तेव्हा कुणी बोलत नाही.

आधी जरा हिशोब करू.

(स्क्रीनवर: पाटीवर आकडे)

ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन धरा. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर ही गाडी नुसती चालती ठेवायला वजनाच्या साधारण 2 टक्के ओढ लागते, म्हणजे 400 किलो. आता 100 मीटरला 5 मीटर चढ आला, तर त्यात आणखी 1000 किलो. झाली 1400 किलो. 50 एचपीच्या इंजिनातून गिअरबॉक्स-क्राउनमधलं (मागच्या ॲक्सलच्या गिअरमधलं) नुकसान जाऊन चाकाला 40 एचपी पोचते असं समजा. त्या ताकदीवर हा चढ ताशी 7.7 किलोमीटरने चढता येतो. आता पंप 10 टक्के वाढवला आणि ती सगळी ताकद चाकाला मिळाली, तर वेग होतो ताशी 8.5 किलोमीटर. एक किलोमीटरच्या चढाला वाचलं किती? जेमतेम पाऊण मिनिट.

चढ चढवतो तो गिअर. खालचा गिअर चढाच्या अलीकडेच टाका, कारण भरल्या ट्रॉल्यांसकट चढावर गिअर बदलताना गाडी थांबली, तर परत उचलताना क्लच प्लेट जळते. दुसरी गोष्ट टायरची पकड. मागच्या ॲक्सलवर वजन कमी असेल तर इंजिन कितीही जोरात असो, चाक जागेवर फिरणार. मागच्या टायरचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून तिथपर्यंत, म्हणजे सुमारे 75 टक्के, पाणी भरणं आणि पुढे वजनं लावणं हा पंपापेक्षा स्वस्त इलाज आहे. हूक उंच लावू नका, पुढची चाकं उचलतात.

"पण आमचा ट्रॅक्टर खरंच ओढत नाही हो." असेल. मग पंपाला हात लावायच्या आधी बाकीचं बघा. एअर फिल्टर ऑइल बाथचा असेल तर तेलाची पातळी आणि खालचा गाळ, कारण फडातल्या रस्त्यावर दोनच दिवसांत चिखल होतो. डिझेलचे दोन्ही फिल्टर. फीड पंपाची जाळी. टॅपेटची फट फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, तुमच्या मॉडेलच्या मापावर. आणि हे तर हमखास राहून जातं: पायाचा रेस पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का? लिंकेज ढिलं असेल तर लिव्हर अलीकडेच थांबतो, आणि दोष मात्र पंपावर जातो. पूर्ण रेसला, बिनओझ्याचा आरपीएमही बघा. रेटेड, म्हणजे कंपनीने पूर्ण ताकदीला ठरवलेला आरपीएम 2200 असेल तर तो त्याच्या वर, साधारण 2350 च्या आसपास जायला हवा. गेला नाही तर आधी लिव्हरचा स्टॉप आणि गव्हर्नर, म्हणजे आरपीएम ताब्यात ठेवणारा पंपातला भाग, तपासायचा.

मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक. नोझल टेस्टरवर प्रत्येक नोझल उघडण्याचा दाब सारखा हवा. एकाचा आणि दुसऱ्याचा फरक 5 ते 10 बारच्या आत. उघडण्याच्या दाबापेक्षा 20 बार कमी दाब धरून 10 सेकंद थांबा, टोकावर थेंब लोंबला नाही पाहिजे. थेंबणारं नोझल पिस्टनवर डिझेलची धार सोडतं, फवारा नाही. बरेचदा इथेच काम संपतं.

आता खरोखर सेटिंग.

(स्क्रीनवर: बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, बसवलेला पंप)

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारायचं ते, मग डिझेलची मात्रा. टायमिंग एक-दोन अंश आगाऊ गेलं की इंजिन खडखडतं, आतला दाब वाढतो, हेड गॅस्केटवर ताण येतो. मागे गेलं की धूर, ताकद कमी आणि रेडिएटर उकळतो. म्हणून मॅन्युअलमधल्या अंशावरच ठेवा. ओझ्यासाठी म्हणून टायमिंग आगाऊ करू नका, कारण जड ओझ्याखाली सिलिंडरमधला दाब आधीच जास्त असतो.

मात्रा बेंचवरच मोजायची, 1000 स्ट्रोकला किती सीसी, प्रत्येक सिलिंडरची वेगळी. सिलिंडरांमधला फरक 3-4 टक्क्यांच्या आत आणा. एकाला जास्त, एकाला कमी असेल तर जास्तवाला धूर करतो आणि कमीवाला ओढत नाही. इनलाइन पंपाला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या) फुल लोड स्टॉप असतो, डीपीए प्रकारच्या रोटरीत (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो त्या पंपात) मात्रा झाकणाआतल्या प्लेटवर ठरते. रस्त्यावर उभं राहून स्क्रू फिरवणारा माणूस डोळे झाकून काम करतोय, एवढंच सांगतो.

आता खरी ओढ कुठे हवी ते बघा. चढावर इंजिन 2200 ला नसतं, दाबून 1300-1500 ला येतं. पंपवाल्याला सांगायचं ते असं: "रेटेड आरपीएमची मात्रा आहे तीच ठेवा, टॉर्क, म्हणजे ओढ, ज्या आरपीएमला सर्वात जास्त आहे तिथली बघून द्या." गव्हर्नरमध्ये टॉर्कची स्प्रिंग असेल तर तिथे काम होतं. तिथे 5 टक्के वाढ पुष्कळ झाली. गव्हर्नरचा वरचा आरपीएम वाढवायचा नाही. त्याने रस्त्यावरचा वेग वाढतो, चढाला काडीचा उपयोग नाही, आणि भरल्या डबल ट्रॉलीला वेग हेच संकट आहे.

जास्त का नको? एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात धूर न होता जळायला 18 ते 20 किलो. बिनटर्बो (जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा नसलेल्या) इंजिनात हवा वाढत नाही, डिझेल वाढवलं की लगेच काजळी. टर्बो असेल तर थोडी मोकळीक असते, पण तिथे धूर न दिसताच उष्णता वाढते. म्हणून टर्बोवाल्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी, पायरोमीटर, म्हणजे धुराचं तापमान दाखवणारा काटा, बसवावा. सलग चढावर 650 अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवं. टर्बोनंतर बसवलात तर काटा 100-150 अंश कमी दाखवतो आणि तुम्ही निवांत बसता. पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, आधी मऊ पडतो, मग लाइनरला ओरखडे. काटा चढला की रेस कमी करा, आणि पुढच्या चढाला खालचा गिअर आधीच टाका. उकळी नुसत्या रेडिएटरमुळे येत नाही, हे इथे कळतं.

1 जानेवारी 2023 पासून बनलेले 50 एचपीच्या वरचे ट्रॅक्टर ट्रेम स्टेज 4 चे (धुराच्या सरकारी नियमांचे) आहेत, बहुतेक कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीत जास्त दाबाने डिझेल साठवून कॉम्प्युटरने सोडणारे. त्यांना 'चिप' म्हणून विकला जाणारा डबा रेल प्रेशरच्या सेन्सरचा आकडा कमी करून सांगतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बिचारा दाब वाढवतो. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, सगळे त्यांच्या मर्यादेबाहेर जातात, आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर काजळीने लवकर भरतो. मोड बदलायची सोय असेल तर चढाला पॉवर मोड, रिकाम्या खेपेला इकॉनॉमी, तेवढं बस.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल चालत नाही. पंपाचं सील तुटलं की वॉरंटीचा वाद वेगळाच. मूळ क्षमता परत मिळवणं हे कॅलिब्रेशन (कंपनीच्या मापावर सेटिंग), त्यापुढचं सगळं तुमच्या जबाबदारीवर.

आणि उतार. पंप वाढवल्याने इंजिन ब्रेक एक तसूही वाढत नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, न्यूट्रल कधीच नाही, आणि ब्रेक पॅडलची दोन्ही बाजूंची कडी जोडलेली आहे ना ते निघण्याआधी बघा.

काम झालं की बेंचचे आकडे कागदावर लिहून घ्या: प्रत्येक सिलिंडरचे सीसी, टायमिंगचे अंश, नोझलचे बार, आरपीएम. मग एका ट्रॉलीने चढ चढून बघा, दबल्यावर हलका राखाडी धूर चालेल, काळा नाही. पहिल्या आठ दिवसांत रोज इंजिन तेलाची पातळी बघा. पातळी वाढत असेल तर डिझेल खाली उतरतंय. गाडी तिथेच थांबवा.