नात्याचा रकाना

(दृश्य: लालबाग. चाळीतली खोली. पलंगाखालून ओढून काढलेली काळी पत्र्याची ट्रंक.)

ही ट्रंक १९७९ साली भरती झालेल्या एका जवानाची. आम्ही त्यांना काका म्हणतो. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि हुद्दा रंगवलेला आहे. आम्ही कॅमेरा काढायच्या आधीच काकांनी त्यावर वर्तमानपत्र चिकटवून ठेवलं होतं. चेहरा दाखवायचा नाही, दल आणि युनिट सांगायचं नाही, आवाज बदलायचा, या अटींवरच ते बोलायला तयार झाले.

ट्रंकेत एक लोकरी मफलर, पॉलिशची रिकामी डबी आणि नाडीने बांधलेला आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. निळा कागद घड्यांवर विरला आहे. अक्षर मात्र मोत्यासारखं. पत्रं लिहिणारा गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचा. दोघांची ओळख १९८३च्या गणपतीत झाली, काका सुट्टीवर आले होते तेव्हा. प्रत्येक पत्राखाली सही मात्र एका बाईच्या नावाची. डाक वाटताना बराकीत आरडाओरडा व्हायचा, ‘वहिनीचं पत्र आलं रे!’ काका हसत पत्र खिशात टाकायचे आणि रात्री टॉर्चच्या उजेडात वाचायचे.

१९८५ साली त्या वहिनीला कावीळ झाली. दवाखान्यात न्यावं लागलं. सुट्टीच्या अर्जात एक प्रश्न असतोच: आजारी माणूस तुमचा कोण लागतो? काकांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि लिहिलं, चुलतभाऊ. साहेब म्हणाले, ‘चुलतभावासाठी कशाला सुट्टी? त्याच्या घरचे बघतील.’ अर्ज नामंजूर झाला. तेव्हापासून चाळीत, गावाकडे, लग्नाकार्यात तो माणूस काकांचा चुलतभाऊच आहे.

(दृश्य: गेटवे ऑफ इंडिया, ४ डिसेंबर, नौदल दिन. गर्दी.)

मुंबईला फौजेचं कौतुक फार. नौदलाचं पश्चिम मुख्यालय या शहरात आहे, साताऱ्या-कोल्हापुराकडचे कित्येक जवान सुट्टीवर जाताना इथूनच गाडी धरतात. त्यांच्यात समलिंगी पुरुष असतील, समलिंगी स्त्रिया असतील, हे बोलायला गेलं की लोक विषय बदलतात. समलिंगी माणसांना सैन्यात घ्यावं का, अशी चर्चा टीव्हीवर चालते तेव्हा मला ही ट्रंक आठवते. ते आत आहेतच. सीमेवर उभे आहेत, पदकं घेऊन निवृत्त झाले आहेत. मागणी एवढीच आहे की आपण कोण आहोत ते त्यांना सांगता यावं, आणि सांगितल्यावर नोकरी, पेन्शन आणि इज्जत शाबूत राहावी.

६ सप्टेंबर २०१८. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७च्या कचाट्यातून सोडवलं. इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिलं. मुंबईत त्या दिवशी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. काकांनी ती बातमी टीव्हीचा आवाज बंद करून पाहिली. चाळीतल्या भिंती पातळ असतात.

आता तर ती जुनी दंडसंहिताच राहिली नाही. १ जुलै २०२४पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात ३७७सारखं कलमच नाही. पण १९५०च्या लष्कर कायद्यातलं कलम ४६ आहे तसंच आहे. क्रूर, असभ्य किंवा ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लाजिरवाण्या वर्तनाला त्यात सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हवाई दलाच्या कायद्यातही तेच शब्द. अनैसर्गिक म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. ते ठरवणार लष्करी न्यायालय. शिवाय सैन्यातल्या माणसांचे मूलभूत अधिकार किती मर्यादित करायचे, हे ठरवण्याची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ने संसदेला दिली आहे. शिस्तीसाठी ती मुभा हवी, हे मलाही पटतं. पण माणूस कोणावर प्रेम करतो याने शिस्त कशी बिघडते, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

२०१८च्या निकालानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०१९मध्ये, तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांना पत्रकार परिषदेत समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारला गेला. लष्कर देशाच्या कायद्यापेक्षा वर नाही, असं ते म्हणाले. आणि लष्कर परंपरा जपणारं आहे, हे इथे चालणार नाही, अशांवर लष्कर कायद्याच्या कलमांखाली कारवाई होईल, असंही म्हणाले. त्याच सुमारास खासदार जगदंबिका पाल यांनी तिन्ही दलांचे कायदे बदलण्यासाठी लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

जवान खेड्यापाड्यांतून येतात, त्यांच्या पचनी हे पडणार नाही, हा युक्तिवाद आपण आधीही ऐकला आहे. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती द्यायची नव्हती, तेव्हा सरकारने सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं: ग्रामीण भागातले जवान बाईच्या हाताखाली काम करायला मनाने तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते फेटाळलं. मी स्वतः साताऱ्याकडच्या गावातली आहे, आणि खेड्यातल्या पोरांच्या नावावर हे जे खपवलं जातं त्याचा मला राग येतो. काकांच्या बराकीतल्या एकाला सगळं माहीत होतं. तो सांगली जिल्ह्यातल्या एका वाडीतला. त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, आणि डाक आली की तोच सगळ्यांच्या आधी ओरडायचा, ‘वहिनीचं पत्र!’

(दृश्य: आंतर्देशीय पत्राची घडी उलगडणारे म्हातारे हात.)

‘अनैसर्गिक’ हा शब्द आपल्या कायद्यात ब्रिटिशांकडून आला. त्यांच्याकडे काय झालं? जॅनेट स्मिथ आणि ग्रॅम ग्रेडी, दोघंही हवाई दलातले. चौकशीत त्यांना खाजगी आयुष्यातल्या अगदी आतल्या गोष्टी विचारल्या गेल्या आणि नोकरीवरून काढण्यात आलं. ते स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर १९९९मध्ये जिंकले. जानेवारी २०००मध्ये ब्रिटनने बंदी उठवली. २०२३ साली पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली.

अमेरिकेत लिओनार्ड मॅटलोविच या हवाई दलाच्या सार्जंटने १९७५ साली आपल्या वरिष्ठांना स्वतःहून कळवलं की मी समलिंगी आहे. व्हिएतनाम युद्धात पदक मिळवलेला माणूस. त्याला काढून टाकलं. दोन माणसांना मारल्याबद्दल पदक मिळालं आणि एकावर प्रेम केल्याबद्दल बडतर्फी, असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. १९९३ साली तिथे तोडगा निघाला: आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. त्या तोडग्याखाली १३,०००हून अधिक जणांना घरी पाठवलं गेलं. २० सप्टेंबर २०११ला तो संपला.

या दोन्ही देशांत लढले ते काढून टाकलेले सैनिक, नाव आणि चेहरा घेऊन. आपल्याकडे नोकरीत असलेल्या जवानाला मोर्च्यात जाता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. त्याचे नियम लष्कर कायद्याखालीच केलेले आहेत. या शहरात १९९०मध्ये समलिंगींसाठीचं ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघालं, १९९४मध्ये अशोक राव कवी यांनी समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा केला, दरवर्षी प्राइडचा मोर्चा निघतो. त्यात गणवेशातला माणूस मला कधी दिसला नाही. ज्याचं दुखतं त्यालाच बोलायची परवानगी नाही. समलिंगी सैनिकांच्या हक्कांची आपली मोहीम इतकी हळू का चालते याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

लष्करातले मेजर जे. सुरेश आपण समलिंगी असल्याचं बोलले, पण नोकरी सोडल्यावर. त्यांच्या अनुभवावरून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक ओनिर यांनी पटकथा लिहिली. जानेवारी २०२२मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिला ना-हरकत दिली नाही.

(दृश्य: स्टोव्ह. दोन कप चहा. कप ठेवणारा दुसरा हात.)

काका १७ वर्षं नोकरी करून पेन्शनवर आले. लग्न झालेल्या जवानाची पेन्शन निघते तेव्हा नवराबायकोचा एकत्र फोटो कागदांना लागतो. काकांचा फोटो एकट्याचा. त्यांच्या मागे या खोलीतल्या दुसऱ्या माणसाला फॅमिली पेन्शनचा एक रुपयाही मिळणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा वाटेल त्याने वाटेल ती मतं मांडली. या घरात दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, मागे राहणाऱ्याचं भागेल कसं.

दर नोव्हेंबरात काका हयातीचा दाखला द्यायला जातात. गुडघे दुखतात म्हणून दोघं टॅक्सीने जातात. खिडकीवरच्या मुलीने गेल्या वर्षी आपुलकीनेच विचारलं, ‘आजोबा, हे बरोबर आलेत ते कोण तुमचे?’ काका म्हणाले, चुलतभाऊ. परतताना टॅक्सीत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

चित्रीकरण संपलं, आम्ही दिवे आवरत होतो. काकांनी झाकणावरचं वर्तमानपत्र नखाने थोडं उचललं, पुन्हा दाबून बसवलं. मग मला म्हणाले, ‘बाळा, एक वाक्य अजून घे. त्या वाक्याला आवाज बदलू नकोस.’

आम्ही दिवा पुन्हा लावला.

(मूळ आवाजात: ‘बेचाळीस वर्षं झाली. हा माझा माणूस आहे.’)