वाड्यातून किल्ल्यापर्यंतचं भुयार, आणि इटलीत खरोखर खाली उतरणारी माणसं

नमस्कार मंडळी!

"आमच्या वाड्यातून एक भुयार थेट किल्ल्यावर निघतं. घोडेस्वार जाईल एवढं मोठं. आता बुजवलंय." हे तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असणार. गाव कुठलंही असो, भुयार असतंच, आणि ते स्वतः पाहिलेला माणूस काही भेटत नाही. इटलीतही अशा गोष्टी घरोघरी सांगतात, किल्ल्यापासून मठापर्यंत जाणाऱ्या गुप्त वाटेच्या. पण तिथे अशी गोष्ट कानावर आली की काही मंडळी दोर बांधतात, कपाळावर दिवा लावतात आणि खाली उतरून मापं घेतात. आजचा व्हिडिओ त्यांच्यावर आहे.

आधी आपल्या भाषेतली एक गोष्ट. मराठीत गुहा वेगळी आणि लेणं वेगळं. गुहा निसर्गाची, लेणं छिन्नीचं. वेरूळला कुणी गुहा म्हटलं की आपल्याला लगेच खटकतं. इटलीतल्या गुहा-अभ्यासकांनीही हाच भेद पक्का केला. 'सोचिएता स्पेलेओलोजिका इतालियाना' ही त्यांची राष्ट्रीय संस्था १९५० सालची. पाण्याने चुनखडीत कोरलेल्या गुहा हा त्यांचा मूळ विषय. पण त्या देशात शहरंच्या शहरं पोखरलेल्या खडकावर उभी आहेत. अंधारात, अरुंद जागी, दोरावर काम करायची सवय असलेली माणसं शहराखालीही उतरू लागली, आणि 'काविता आर्तिफिचाली', म्हणजे माणसाने खोदलेल्या पोकळ्या, हा स्वतंत्र अभ्यास झाला. त्याला वाहिलेलं 'ओपेरा इपोजेआ' नावाचं नियतकालिक १९९९ पासून निघतंय.

आता खाली जाऊन ते बघतात काय? मला यातली सगळ्यात आवडणारी जागा सांगते.

(पडद्यावर: नेमी सरोवर)

रोमच्या दक्षिणेला, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात, नेमीचं सरोवर आहे. चहूबाजूंनी उंच कडे, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पावसाळी वर्षात पातळी चढली की काठची जमीन पाण्याखाली. तिथेच डायना देवीचं मोठं देवस्थान होतं. म्हणून ख्रिस्तपूर्व काळातच लोकांनी कड्याच्या पोटातून सोळाशे मीटरच्या वर लांबीचा बोगदा काढला. दोन्ही तोंडांकडून, एकाच वेळी. ना होकायंत्र, ना लेझर.

आता कल्पना करा, तुम्ही त्या बोगद्यात आहात. जेमतेम एका माणसाची रुंदी. दिवा भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर भिंत सपाट वाटते, आडव्या उजेडात एकेक घाव वर येतो. तिरक्या, समांतर खाचा. त्या कुठल्या अंगाला कलल्यात ते पाहिलं की खणणाऱ्याचं तोंड कुठे होतं ते कळतं. तुम्ही पुढे चालत राहता, खाचा एकाच दिशेच्या. आणि मग एका जागी त्या उलट्या होतात! तीच दोन टोळ्यांची भेटीची जागा. जोड काही अगदी नेमका बसलेला नाही, उंचीत फरक पडलाय, तोही दिसतो. डोंगराच्या आत, पलीकडच्या घणांचे आवाज ऐकू यायला लागले असतील तेव्हा त्या माणसांना काय वाटलं असेल! त्यांचं एकही नाव आपल्याला माहीत नाही, पण हात दिसतात.

आणि हा बोगदा नुसता जुना म्हणून थोर नाही. १९२८ साली कॅलिगुला बादशहाची बुडालेली जहाजं काढण्यासाठी नेमीचं पाणी उपसायला घेतलं, तेव्हा ते याच बोगद्यातून बाहेर सोडलं.

एक साधी खूणही लक्षात ठेवा. जमिनीचा उतार शेवटपर्यंत एकाच बाजूला, हळूहळू जातोय? मग ते भुयार बहुतेक पाण्याचं. राजा-राणीच्या पळवाटेला एकसारखा उतार कशाला लागतो? पुष्कळ गुप्त वाटांचं उत्तर तिथेच मिळतं. मला त्याने अजिबात वाईट वाटत नाही. गावाला पाणी पाजणं हे राणी पळवण्यापेक्षा मोठं काम आहे.

नेपल्समध्ये मात्र हा छंदाचा विषय राहत नाही. पिवळा टफ हा तिथला खडक, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा झालेला दगड. कापायला मऊ, बांधायला पुरेसा टणक. ग्रीकांपासून लोकांनी खालचा दगड काढला आणि वर घरं बांधली. उरलेल्या पोकळ्यांमधून पाणी खेळवलं: अरुंद बोगदे, टाक्या, आणि वाड्यांच्या चौकात उघडणाऱ्या विहिरी. त्यांची देखभाल करणारे ते 'पोत्सारी'. विहिरीच्या भिंतीत समोरासमोर कोरलेल्या खोबणींत पाय रोवून ही माणसं चढायची-उतरायची, तीही बिनदोराची. त्या खोबणी आजही आहेत. घराघरात विहिरीतून डोकावणाऱ्या या माणसांमुळेच 'मुनाचिएल्लो' नावाच्या बुटक्या, झगा घातलेल्या भुताची गोष्ट जन्मली असं नेपल्सची माणसं सांगतात.

१८८४ ला कॉलऱ्याची भयंकर साथ आली. १८८५ ला सेरिनोहून नळाचं पाणी आलं आणि जुनी व्यवस्था सुटली. दुसऱ्या महायुद्धात त्याच टाक्या बॉम्बपासून लपायच्या जागा झाल्या. भिंतींवर विमानांची चित्रं, तारखा, नावं अजून वाचता येतात. युद्ध संपलं, आणि वरच्या ढिगाऱ्याचा राडारोडा लोकांनी विहिरींतून खाली ढकलला. तोंडं बंद झाली, खाली काय आहे ते विसरलं गेलं.

पोकळी विसरली म्हणून ती भरत नाही. गटार गळतं, मुसळधार पाऊस होतो, माती खाली वाहून जाते, आणि एक दिवस रस्ताच आत जातो. शहराने समिती नेमली, १९६७ ला नेपल्सच्या पोटाबद्दलचा मोठा अहवाल निघाला. पण कागदावर रेघ ओढायला कुणीतरी दोरावर लटकून माप घ्यावंच लागतं, ते या गुहावाल्यांनी वर्षानुवर्षं घेतलं. कुठल्या इमारतीखाली किती खोल काय आहे, हे कळल्याशिवाय पाया तरी कसा घालणार?

धोक्याचं बोलू. आपल्याकडे धान्य साठवायला जमिनीत पेव असायचं. माझी आजी सांगायची, पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर खाली मरण. इटलीतही पेवं आहेत! पुलिया प्रांतात चेरिन्योला गावी धान्याच्या खड्ड्यांचं एक अख्खं मैदान आहे, आणि खड्ड्यांवर मालकाची आद्याक्षरं कोरलेले दगड. कोंडलेली हवा, ज्वालामुखीच्या भागात जमिनीतून येणारा वायू, हे दिसत नाही आणि वासही येईलच असं नाही. आज कंदिलाच्या जागी वायू मोजणारं यंत्र असतं, पण आजीचा नियम तोच.

वर आल्यावर खरं काम सुरू होतं: नोंद. पोकळी कशासाठी खोदली, यावरून सात खाती. पाण्याची, राहण्या-साठवण्याची, देवाधर्माची, युद्धाची, खाणीची, ये-जा करण्याची आणि उरलेली. एकच जागा दोन-तीन खात्यांत जाते. नेपल्सची टाकी आधी खाण, मग पाणी, मग युद्ध. सगळं लिहायचं, खोडायचं काहीच नाही.

शेवटी सिसिलीतलं पालेर्मो. तिथे जमिनीखालून 'कनात' नावाचे पाण्याचे बोगदे वाहतात. भूजलाला हलका उतार देऊन शहरापर्यंत आणायचं, मधे मधे विहिरीसारखी तोंडं ठेवायची, ही इराणकडची विद्या, अरबांबरोबर पालेर्मोला पोचलेली. गुहावाले तिथे कमरेएवढ्या गार पाण्यातून चालत जातात. आणि हीच विद्या आपल्याकडे आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी आणली, तीही अशीच जमिनीखालून.

तर मंडळी, तुमच्या गावात भुयाराची गोष्ट असेल तर आत उतरू नका. पण तोंड नेमकं कुठे आहे, ते कधी बुजवलं आणि शेवटचं आत कोण गेलं होतं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आज विचारा, आणि खाली लिहून कळवा. मी प्रत्येक नोंद वाचणार आहे.