गुडघ्यांवरचं सर्फिंग मागे का पडलं?

श्रोतेहो, नमस्कार. नीबोर्डिंग म्हणजे छोट्या फळीवर गुडघे टेकून लाट कापत जाणं. मोटारबोटीमागे दोरीला धरून करतात तो याच नावाचा खेळ वेगळा. हे सर्फिंग आज कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियातही क्वचितच दिसतं, आणि याची हळहळ वाटते, कारण आजच्या उभ्या सर्फिंगवर त्याचं मोठं ऋण आहे.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या जॉर्ज ग्रीनो यांनी साठच्या दशकात गुडघ्यांवर बसायची 'व्हेलो' ही फळी घडवली. फोम फक्त कडांना, मधे नुसतं फायबरग्लास. वळताना ती वाकायची आणि सरळ होताना पुढे झेपावायची. तिच्या खालचा फिन, म्हणजे दिशा सांभाळणारं पातं, ट्यूना माशाच्या शेपटीवरून घेतलेला, अरुंद आणि मागे झुकलेला. त्याच धर्तीचा फिन लावून ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने १९६६ साली सॅन डिएगोत उभ्या सर्फिंगचं जागतिक विजेतेपद मिळवलं. १९६७च्या सुमारास सॅन डिएगोच्याच स्टीव्ह लिस यांनी दुभंगलेल्या शेपटीची, दोन फिनांची 'फिश' केली, तीही गुडघ्यांसाठीच. पुढे उभ्यांनी ती उचलली, आणि आज ती त्यांचीच मानली जाते.

मग नीबोर्डरकडे उरलं काय? खोल, उभ्या लाटेची नळी, म्हणजे कोसळत्या लाटेच्या आतली पोकळी. खाली बसलेला माणूस तिथे सहज मावतो, उभ्याला वाकावं लागतं. पण १९८०-८१मध्ये सायमन अँडरसन यांचा तीन फिनांचा 'थ्रस्टर' हा फळीचा प्रकार आला आणि उभ्यांनाही तिथे पकड मिळाली. त्याआधीच, १९७१ साली, टॉम मोरी यांनी हवाईत मऊ फोमचा बूगी बोर्ड काढला होता. पोटावर झोपायचं, लागायची भीती कमी, पहिल्याच दिवशी लाट मिळते. नवशिके तिकडे वळले.

नीबोर्डिंगला मात्र शरीर तयार लागतं. फळी साधारण साडेपाच ते सहा फूट लांब, तेवीस इंचांच्या आसपास रुंद, पायांत फ्लिपर, म्हणजे पोहायचे रबरी पंखे. लाट मागून उचलू लागली की हातांनी पाणी ओढत फ्लिपर मारायचे, मग दोन्ही कडा धरून दोन्ही गुडघे एकदमच वर घ्यायचे. एकेक घेतला तर फळी कलंडते. गुडघे चार बोटं जास्त पुढे पडले तरी टोक पाण्यात घुसतं. फार मागे राहिले तर शेपटी बसते आणि लाट पुढे निघून जाते. फ्लिपरची टोकं पाण्यात लोंबली तर ब्रेक लागल्यासारखा वेग मरतो. बैठक वज्रासनाची, फरक इतकाच की खालची जमीन हादरे देते. म्हणून गुडघ्यांखाली जाड पॅड हवं. घोटे ताठ असतील तर आधी जमिनीवर सराव करावा. गुडघ्याच्या गादीला इजा झालेल्यांनी यात पडूच नये. पन्नाशीनंतर अनेकजण सोडतात ते यामुळेच.

दुकानात तयार फळी सहसा मिळत नाही, कारागिराकडून करून घ्यावी लागते. ऑलिंपिकमध्ये सर्फिंग आलं तेही फक्त छोट्या उभ्या फळीचं. गुडघ्यांवरच्या सर्फरांना जागतिक पातळीवर मानाची जागा आहे ती दिव्यांगांच्या सर्फिंगमध्ये. ही जागतिक स्पर्धा २०१५ साली सॅन डिएगोतल्या ला होया इथे सुरू झाली, आणि तिच्यात गुडघ्यांवर सर्फिंग करणाऱ्यांचा आता स्वतंत्र गट आहे.