घड आणि बाळी

अध्यक्ष महोदय आणि बागायतदार बंधुभगिनींनो, दक्षिण आफ्रिकेतील एका रानवेलीच्या आधारे आपल्या द्राक्षबागेतील बाळीविषयी, म्हणजे वेल ज्या तंतूने आधार धरून चढते त्याविषयी, बोलण्याचे मी कबूल केले आहे. परंतु त्या वेलीच्या नावाविषयीची माझी तक्रार आधी मांडल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

तिचे शास्त्रीय नाव ऱ्होइसिसस टोमेंटोसा. केपपासून क्वाझुलू-नातालपर्यंत, जंगलांत आणि नदीकाठी, ती मोठ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते. पाने रुंद असून त्यांच्या खालच्या अंगाला तांबूस मखमली लव असते, आणि टोमेंटोसा हे नाव त्या लवेवरूनच पडले आहे. आफ्रिकान्स भाषेत मात्र तिला रानद्राक्षच म्हणतात. केपमधील डच वसाहतीचा प्रमुख यान फान रीबेक याने तेथे आणवलेल्या द्राक्षांची पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ रोजी गाळली गेली. ही वेल त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे फळत होती, तरीही नाव मिळाले ते पाहुण्या पिकावरून.

एका बागेत मी ती प्रथम पाहिली, तेव्हा आमच्या वाटाड्याने 'ही खरी द्राक्षे नव्हेत' एवढेच सांगून गटाला पुढे नेले. मी मागे रेंगाळलो. तेथे पालापाचोळा गोळा करणाऱ्या एका वृद्ध बाईंनी तिचे झुलू नाव इसिन्वाझी असल्याचे सांगितले, दोन काळसर फळे माझ्या हातावर ठेवली आणि मी पहिले फळ चावेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. फळ चांगलेच आंबट निघाले. साखर घालून शिजवले की त्याची जेली उत्तम होते, हे त्यांनी नंतर सांगितले, आणि त्या दोन वाक्यांत मला वाटाड्याच्या तासाभराच्या माहितीपेक्षा अधिक मिळाले.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो.

त्या वेलीची बाळी पानाच्या बगलेतून नव्हे, तर पानाच्या समोरून निघते, आणि तिचा फुलोराही तसाच पानासमोर येतो. आपल्या द्राक्षातही हीच रचना आहे, कारण घड आणि बाळी यांचा आरंभ एकाच अंकुरातून होतो. सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाने तो घडाकडे वळतो, तर जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाने बाळीकडे. पिनो म्यूनिए या द्राक्षजातीपासून मिळवलेल्या एका बुटक्या वेलीला जिबरेलिनची आज्ञा कळत नाही, आणि तिच्यावर बाळ्यांच्या जागी घड येतात, हे २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. घडाची बाळी झाली की आपण हळहळतो, आणि वर्षाचे उत्पन्न त्यावर अवलंबून असताना ते स्वाभाविकच आहे. परंतु जंगलाच्या सावलीत उभ्या असलेल्या वेलीला आधी ऊन गाठायचे असते आणि ते बाळीवाचून गाठता येत नाही. दाट कॅनॉपीत, म्हणजे पानांच्या गर्दीत, सावलीत वाढलेल्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे पुढच्या फुटीच्या कळ्यांत, घड कमी भरतात. तेव्हा उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर काडीवर ऊन पडेल अशी फुटींची विरळणी वेळेवर करावी.