वर्षभर जग फिरत नोकरी: आधी कॅलेंडर, मग तिकीट

नमस्कार मंडळी. लॅपटॉप पाठीवर टाकायचा, पगार चालू ठेवायचा आणि वर्षभर जग फिरायचं, असं मनात आलं की बहुतेक जण नकाशा उघडून बसतात. आमचं सांगणं असं, की तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर आधी कॅलेंडर उघडा. कुठे किती दिवस राहता येतं, पुढचा व्हिसा कुठून मिळतो, ऑफिसची वेळ तिथे किती वाजता येते, कर कुठे लागतो... अख्खं वर्ष यावर उभं राहतं. आज तारखा धरूनच बोलू.

सुरुवात व्हिसापासून. युरोपचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) साधारणपणे तुम्ही कायदेशीररीत्या जिथे राहता, त्याच देशातून काढावा लागतो. बँकॉकमध्ये पर्यटक म्हणून गेलात आणि तिथल्या वकिलातीत अर्ज घेऊन उभे राहिलात, तर बहुतेक वेळा 'भारतात जाऊन करा' हेच उत्तर मिळतं. बरं, आधीच काढून ठेवावा म्हटलं, तर प्रवासाच्या ६ महिन्यांहून आधी अर्ज घेतच नाहीत. म्हणजे १ ऑक्टोबरला निघून पुढच्या मे महिन्यात युरोपात जायचं असेल, तर मध्ये एक भारतफेरी धरावीच लागते. ती नाइलाजाने करण्यापेक्षा आराखड्यातच लिहा. निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात, अडलं तर ४५ पर्यंत जातात, आणि तेवढा काळ पासपोर्ट तुमच्या हातात नसतो.

यातून सुटका कुणाची? ज्यांच्याकडे आधीचा बहुप्रवेश व्हिसा, म्हणजे मुदतीत अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा आहे त्यांची. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी सोय झाली आहे: मागच्या ३ वर्षांत २ शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा २ वर्षांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर ५ वर्षांचा. पुढे कधीतरी असं वर्ष काढायचं मनात असेल, तर आत्ताच्या छोट्या सहलींचे व्हिसा जपून वापरा.

हा व्हिसा बहुप्रवेश असला तरी १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा राहतेच.

[स्क्रीनवर: कॅलेंडर, १ एप्रिल ते २९ जून रंगवलेलं]

१ एप्रिलला शिरलात आणि २९ जूनला बाहेर पडलात, तर बरोबर ९० दिवस झाले. आलेला दिवस आणि निघालेला दिवस, दोन्ही मोजतात. आता परत कधी? २८ सप्टेंबरला. जुलैमध्ये एक दिवस शेजारच्या देशात जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हा गैरसमज आहे. रोज त्या दिवसापासून मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यात किती दिवस आत होतो ते मोजायचं. पूर्वी शिक्के बघून हे गणित व्हायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन नोंद ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी तो संगणकावर दिसतो. आणि हा व्हिसा पर्यटनाचा, कामाचा नव्हे. युरोपात जास्त राहून काम करायचं असेल तर स्पेन किंवा पोर्तुगालचा रिमोट कामाचा व्हिसा भारतातूनच काढून जा.

भारतीय ऑफिसच्या वेळेला सगळ्यात सोयीचा पट्टा आग्नेय आशियाचा, असं आमचं ठाम मत आहे. आपली १० ते ७ ची पाळी बँकॉकमध्ये साडेअकरा ते साडेआठ होते, क्वालालंपूरमध्ये साडेबारा ते साडेनऊ. सकाळ मोकळी मिळते. तीच पाळी लिस्बनमध्ये हिवाळ्यात पहाटे साडेचारला सुरू होते, आणि मेक्सिको सिटीत आदल्या रात्री साडेदहाला. रात्रभर काम आणि दिवसा फिरणं आठवडाभर जमतं, महिनाभर नाही. झोप मोडते आणि कामात चुका होतात. पण तुमची गिऱ्हाइकं न्यूयॉर्कची असतील तर सगळं उलटं: त्यांचे ९ ते ५ म्हणजे लिस्बनचे दुपारचे २ ते रात्रीचे १०. मार्चमध्ये मात्र जपा. अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कॉल एक तास सरकतो. ऑक्टोबरच्या शेवटीही आठवडाभर हाच घोळ असतो.

आता थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा), म्हणजे तिथे राहून बाहेरच्या कंपनीचं रिमोट काम करता येणारा व्हिसा. २०२४च्या जुलैमध्ये आला. मुदत ५ वर्षं, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस. फी १०,००० बाटांच्या आसपास आणि खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. अर्ज थायलंडबाहेरून, ऑनलाइन. नोकरी करणाऱ्यांनी कंपनीचं पत्र नीट घ्या: पद, पगार, आणि 'हा कर्मचारी परदेशातून काम करू शकतो' हे वाक्य त्यात स्पष्ट असलं पाहिजे. नुसतं नोकरीत असल्याचं प्रमाणपत्र दिलं की अर्ज अडकतो. थाई कंपनीचं काम या व्हिसावर चालत नाही. उतरण्याआधीच्या ३ दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत टीएम३० नावाची नोंद करायची असते; ती केली का, हे तुम्ही विचारा, कारण पुढे इमिग्रेशनच्या खिडकीवर तो कागद तुमच्याकडेच मागतात. सलग ९० दिवस झाले की पत्त्याची खबर पुन्हा द्यायची.

१८० दिवस मिळतात म्हणून जानेवारीत जाऊन बसू नका. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले करनिवासी (करासाठी तिथले रहिवासी) होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून करनिवाशाने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिथे कर लागू शकतो. त्याऐवजी १ ऑक्टोबरला जा आणि २९ मार्चला निघा. एका वर्षात ९२ दिवस पडतात, दुसऱ्यात ८८. मुक्काम तेवढाच, पण कुठल्याच वर्षात १८० भरत नाहीत. मात्र त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा गेलात, तर ते दिवस या ८८ मध्ये मिळवायला विसरू नका.

इकडे भारतात काय होतं? 'वर्षभर बाहेर होतो, म्हणजे एनआरआय झालो' असं समजू नका. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. १ ऑक्टोबरला निघालात तर एप्रिल ते सप्टेंबर हे १८३ दिवस भारतात झाले. पुढच्या ३० सप्टेंबरला परतलात तर मार्चअखेरपर्यंत पुन्हा १८३. निवासी ठरायला १८२ पुरतात. म्हणजे अख्खं वर्ष बाहेर राहूनही दोन्ही आर्थिक वर्षांत तुम्ही भारताचे निवासीच, आणि जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. तिकडे बँक खातं उघडलं असेल, तर त्यात थोडेच पैसे असले तरी रिटर्नमध्ये परकीय मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करा. निघण्याआधी या तारखा घेऊन एकदा सीएकडे बसा.

कंपनीची परवानगी ईमेलवर घ्या, देश आणि तारखा लिहून. आयटी विभागाला तीच यादी द्या. बऱ्याच कंपन्यांत भारताबाहेरून लॉगिन झालं की खातं आपोआप बंद होतं, आणि ते उघडायला फोन करायचा तर ऑफिसकडे रात्र असते.

ओटीपीकडे या. भारतीय नंबर चालू राहिला नाही तर बँक, आयकर, सगळंच ठप्प. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या आणि वर्षभराचा रिचार्ज मारा. रोमिंगवर मेसेज येण्याला सहसा पैसे पडत नाहीत. या सिमचा डेटा मात्र बंद ठेवा आणि डेटासाठी स्थानिक ई-सिम घ्या. सिम घरी भावाकडे ठेवून त्याच्याकडून ओटीपी विचारत बसणं अजिबात करू नका: यूपीआय आणि बँकेची ॲप्स सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतात. भारतीय नंबर आमच्या मते प्लास्टिकच्या सिमवरच बरा. फोन पडून फुटला तर सिम काढून दुसऱ्यात टाकता येतं. ई-सिम परत मिळवायचं तर त्याच बंद पडलेल्या नंबरवर ओटीपी मागतात. म्हणून एक जुना साधा फोन सोबत असू द्या. कार्डावर परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो, एटीएम, दुकान आणि ऑनलाइन वेगवेगळा. मशीनने 'रुपयांत की स्थानिक चलनात?' विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, नाहीतर वाईट दर माथी मारला जातो.

हा पॉवर बँक जवळून बघा.

[कॅमेरा लेबलवर]

२०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट. गुणून हजाराने भागा: ७४ वॉट-तास. १०० वॉट-तासांपर्यंत विमानाच्या केबिनमध्ये चालतो, चेक-इन बॅगेत कधीच नाही. लेबल घासून पुसलं असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात, तेव्हा नवा घ्या.

खोली सुरुवातीला एका आठवड्यापुरतीच घ्या. मालकाकडे रात्री ८ वाजताची स्पीड टेस्ट मागा आणि त्यात अपलोडचा आकडा बघा. चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण ४ एमबीपीएस पुरतात, पण ते टिकून मिळायला हवेत. पोहोचल्यावर राउटरजवळ नको, जिथे बसणार त्या टेबलावर तपासा. थायलंडमध्ये महिन्याच्या भाड्यात वीज वेगळी असते: सरकारी दर युनिटला ४ बाटांच्या आसपास, मालक ७-८ लावतात. दिवसभर एसी लावून काम करणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून आधी विचारा.

विमा घेताना एका प्रवासाला किती दिवसांची मर्यादा आहे ते वाचा, आणि मुदतवाढ करायची तर विमा संपायच्या आधी करा. दुचाकीचंही बघा. आरटीओ देतं ते आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक कराराप्रमाणे असतं. व्हिएतनाम १९६८चा करार मानतो. म्हणजे तिथे स्कूटर चालवताना अपघात झाला, तर तुम्ही विनापरवाना चालवत होता असं धरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. हनोईत किंवा दा नांगमध्ये भाड्याची स्कूटर समोर उभी असेल, दर कितीही स्वस्त असेल, तरी ॲपवरून गाडी बोलवा.